एक लाखाची गाडी

२०२४ च्या ऑक्टोबरात, नवरात्र चालू असताना, ९ तारखेच्या रात्री रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूत ऑफिसच्या बसमध्ये बसले, तर मोबाइल त्यांच्याच फोटोंनी भरलेला. तरुणपणीचे फोटो, कुत्र्यांबरोबरचे फोटो आणि या सगळ्यांपेक्षा जास्त एका बुटक्या, गोलसर गाडीबरोबरचे फोटो. नॅनो. कुणी लिहिलं होतं, गरिबाच्या घरापुढे गाडी उभी करणारा माणूस गेला. कुणी लिहिलं होतं, देशानं या गाडीला न्याय दिला नाही. माझ्या ओळखीतल्या दहा-बारा जणांनी तरी त्याखाली हात जोडल्याची आणि हृदयाची चिन्हं टाकली होती. त्यांतल्या तिघांनी माझ्यादेखत या गाडीची यथेच्छ टिंगल केलेली मला आठवत होती. आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर हसणारी चौथी मी होते.

सांगलीहून बाबांचा मात्र त्या दिवशी एकही मेसेज आला नाही. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडून एक ठरलेली गोष्ट येते: 'नॅनो परत येत आहे, आता विजेवर.' सोबत एका चकचकीत गाडीचं चित्र, कसलेतरी मोठमोठे आकडे आणि खाली 'बुकिंग सुरू'. हे खोटं असतं. त्या चित्रातली गाडी बहुधा कुणीतरी संगणकावर बनवलेली असते. मुळात खरी गोष्ट एवढीच, की २०२२ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रा ईव्ही नावाच्या कंपनीनं नॅनोवर बेतलेली विजेवर चालणारी एक गाडी रतन टाटांना दिली. पुढे मे महिन्यात एका छोट्या पांढऱ्या नॅनोतून ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तेवढ्या धाग्यावर लोकांनी अख्खं लुगडं विणलं. मी बाबांना दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "असू दे की. वाचायला बरं वाटतं."

बाबांची नॅनो अजून आहे. सांगलीत गावभागातल्या आमच्या घराच्या बोळात, भिंतीला लागून उभी असते. लाल होती, आता उन्हानं गुलाबी झालीय.

*

तिची गोष्ट सांगायची तर आधी स्कूटर सांगायला हवी. आमच्याकडे बजाजची चेतक होती. पुढे, हँडलला धरून मी उभी. मग बाबा, त्यांच्या पाठीला चिकटून दादा आणि मागे एका बाजूला पाय सोडून आई, तिच्या मांडीवर पिशवी. आमच्या बोळातल्या प्रत्येक घराची स्कूटर अशीच भरलेली असायची, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी कुणाला वाटलं नाही. १९९८ च्या पावसाळ्यात आईच्या माहेरी, तासगावला निघालो होतो. कवठे एकंदच्या अलीकडे रस्त्यावर चिखल वाहून आला होता, त्यावर स्कूटर घसरली. आम्हा मुलांना खरचटण्यावर भागलं. आईनं दादाला धरायला हात पुढे केला आणि तो हात त्याच्याखाली सापडला. मनगट मोडलं. ते नीट बसलं नाही. अजूनही आई परात उजव्या हातात धरत नाही, डाव्या कोपरावर पेलते.

बाबा जिल्हा परिषदेत लेखनिक. गाडी घेण्याचा विचार आमच्या घरात कधी बोलूनही दाखवला गेला नव्हता. मग १० जानेवारी २००८ चा दिवस उजाडला. दिल्लीच्या प्रगती मैदानावर वाहनांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे रतन टाटा स्वतः ती गाडी चालवत मंचावर घेऊन आले आणि म्हणाले, एक लाख म्हटलं होतं, एक लाखच. दिलेला शब्द हा शब्द. कर आणि वाहतुकीचा खर्च वेगळा, पण आकडा तोच. त्या रात्री बाबांनी बातम्या तीन वेगवेगळ्या वाहिन्यांवर पाहिल्या. दुसऱ्या दिवशी पेपरातलं कात्रण काढलं आणि 'नॅनो' असं लिहून एक फाइल केली. लेखनिकाचा हात, फाइलशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटायची नाही.

ती फाइल जाडजूड होत गेली. कारण गाडी तयार होण्याआधीच तिच्यापायी एक राज्य ढवळून निघालं. कारखाना पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला होणार होता. बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या सरकारनं त्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन घेतली होती. ज्या शेतकऱ्यांना जमीन द्यायची नव्हती त्यांच्या बाजूनं ममता बॅनर्जी उभ्या राहिल्या. मोर्चे, उपोषण, हमरस्त्यावर धरणं. शेवटी ३ ऑक्टोबर २००८ रोजी, ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर, टाटांनी सिंगूर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि चारच दिवसांत गुजरातमधलं साणंद ठरलं. २०११ मध्ये बंगालमधली डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता गेली, त्यात सिंगूरचा वाटा मोठा होता. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते भूसंपादनच रद्द ठरवलं आणि जमिनी शेतकऱ्यांना परत करायला सांगितल्या. एवढ्याशा गाडीखाली किती माणसांची शेतं होती, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. बाबांना ते तेव्हाच कळलं होतं. ते शेतकऱ्याच्या घरातले. फाइलमधल्या एका कात्रणाच्या समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'त्यांचंही बरोबर आहे.' त्याच फाइलमध्ये दोन पानं पुढे बुकिंगच्या अर्जाची झेरॉक्स आहे.

२००९ च्या एप्रिलमध्ये बुकिंग झालं. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ सगळी रक्कम आगाऊ भरायची होती. बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. आई म्हणाली, "कशाला हवी गाडी? आपण कुठं जातो?" बाबा म्हणाले, "तासगावला." देशभरातून दोन लाखांहून जास्त अर्ज आले होते. संगणकावर सोडत निघाली आणि पहिल्या एक लाखात बाबांचं नाव लागलं. आमच्या घराण्यात लॉटरी लागलेला माणूस म्हणून बाबांचं नाव झालं, ते त्या दिवसापासून. गाडी हातात यायला २०१० चा श्रावण उजाडला.

गाडीबद्दल थोडं सांगते, कारण पुढे सगळं हसणं तिच्या या अंगांवरूनच झालं. लांबी जेमतेम ३.१ मीटर. ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन, तेही मागे, बसायच्या बाकाखाली. समोर एकच वायपर. चाकाला चार नटांऐवजी तीन नट. मागची डिकी बाहेरून उघडत नाही, सामान ठेवायचं तर मागचं बाक पाडायचं. पेट्रोल भरायला पुढचं झाकण उघडावं लागतं. आम्ही घेतली तिला एसी होता, आईसाठी बाबांनी मधलं मॉडेल घेतलं होतं. या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी इंजिनिअर बसून पैसा पैसा वाचवत होता. त्यांतले बरेचसे पुण्यात बसत होते. या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे गिरीश वाघ मराठी, याचं बाबांना भारी कौतुक. गाडी बाहेरून मारुती ८०० पेक्षा ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी, हा कंपनीचा दावा बाबा पाहुण्यांना तोंडपाठ सांगत. मग पाहुण्याला आत बसवून डोक्याला छप्पर लागत नाही हे सिद्ध करत.

पहिल्यांदा तासगावला गेलो त्या दिवशी पाऊस होता. आई मागच्या सीटवर बसली होती. कवठे एकंद आलं तेव्हा तिनं खिडकीची काच पूर्ण वर केली आणि पावसाकडे बघत बसली. कुणीच काही बोललं नाही.

*

आणि मग लोक हसायला लागले.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेलवर. मोबाइलवर नॅनोचे विनोद येत. रिक्षाला दारं लावली की नॅनो. साबणाची डबी. भरधाव नॅनोच्या काचेवर चिमणी आपटली, तर चिमणीनं थांबून विचारलं, तुम्हाला लागलं नाही ना? काही नॅनोंनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, त्यांची दृश्यं टीव्हीवर दिवसदिवस दाखवली गेली, मग आणखी विनोद. २०११ च्या सप्टेंबरात टाटांच्याच दागिन्यांच्या दुकानांच्या जाहिरातीसाठी मुंबईत सोन्यानं मढवलेली एक नॅनो दाखवली होती. ८० किलो सोनं, १५ किलो चांदी, किंमत २२ कोटी. एक लाखाच्या गाडीला २२ कोटींचे दागिने. आमच्या मेसमध्ये त्यावरून दोन दिवस हसणं चाललं. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत होतं ते मी वर सांगितलंच आहे.

आता मागे वळून बघताना आम्ही नेमकं कशाला हसत होतो याचा विचार करते. लहान गाडीला? मग मिस्टर बीनची पिवळट हिरवी मिनी आम्हाला इतकी का आवडायची? ती मिनीही १९५९ साली स्वस्त आणि पेट्रोल वाचवणारी गाडी म्हणूनच जन्माला आली. सुएझच्या पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे वांधे झाले होते, म्हणून अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली. पण बीटल्सच्या चौघांनी मिनी घेतल्या, १९६९ च्या 'द इटालियन जॉब' सिनेमात मिनींनी चोरीचं सोनं पळवलं आणि ती फॅशन झाली. इंजिन मागे म्हणून हसत होतो? फोक्सवॅगनच्या बीटलचंही इंजिन मागेच. तिला तर डिस्नेनं १९६८ मध्ये हर्बी बनवून सिनेमाची नायिका केलं. दोन सिलिंडर म्हणून? इटलीची १९५७ ची फियाट ५०० मागच्या दोन सिलिंडरवरच धावायची आणि आज तिच्या चित्राचे कपबशा, टी-शर्ट विकले जातात. आमच्या सिनेमातल्या कुठल्या हिरोनं नॅनोतून एण्ट्री घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

असुरक्षित म्हणून हसत होतो, असंही म्हणता येत नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लहान गाड्या भिंतीवर आदळून तपासल्या. एअरबॅग नसलेली साधी मॉडेल्स होती. नॅनोला शून्य तारे मिळाले, ही बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच चाचणीत मारुतीची अल्टो ८००, ह्युंदाईची आय१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो यांनाही शून्यच तारे होते, हे फारसं कुणाला आठवत नाही. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी त्यांतलीच एखादी गाडी होती.

हसण्याचं कारण एकच होतं. बाकी कुठलीही गाडी दारात उभी राहिली की माणसाकडे पैसा आहे असं दिसायचं. नॅनो दारात उभी राहिली की माणसाकडे किती पैसा आहे ते नेमकं दिसायचं. तिची किंमत देशातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. जगातली सर्वांत स्वस्त गाडी, असं तिच्या जन्माआधीपासून सांगितलं गेलं होतं. स्वस्त हे बिरूद चिकटलं ही चूकच झाली, असं पुढे रतन टाटांनीही कबूल केलं. साणंदच्या कारखान्याची ताकद वर्षाला अडीच लाख गाड्यांची. त्यात सर्वांत चांगलं गेलेलं वर्ष २०११-१२, त्यातही विक्री ७५ हजारांच्या आतच राहिली. २०१८ च्या जूनमध्ये तर सबंध महिन्यात एकच नॅनो तयार झाली. स्कूटरवाल्यांसाठी केलेली गाडी स्कूटरवाल्यांनीच घेतली नाही. त्यांनी आणखी चार वर्षं पैसे साठवले आणि जुनी का होईना, दुसरी गाडी घेतली. मी त्यांना दोष कसा देऊ? स्कूटरवरून उतरायचं ते चारचौघांत जरा वर दिसायला. सर्वांत स्वस्तात उतरलो असं सांगायला कोण उतरतं?

*

२०११ च्या डिसेंबरात बाबा पुण्याला आले. आईनं डिंकाचे लाडू, गोधडी आणि हीटर असं बरंच काही दिलं होतं. एसटीनंही आले असते, पण त्यांना गाडी एकदा लांब चालवून बघायची होती. कात्रजच्या अलीकडून त्यांचा फोन आला, "अर्ध्या तासात गेटवर येतो." हॉस्टेलच्या गेटसमोर चहाची टपरी होती आणि संध्याकाळी सगळा वर्ग तिथे असायचा. मी फोनवर म्हटलं, "बाबा, गेटपाशी नको. पुढं मेडिकलचं दुकान आहे ना, त्या कोपऱ्यावर थांबा. मीच येते."

"का गं? गेटपाशी जागा नाही?"

"गर्दी असते."

मी कोपऱ्यावर गेले. बाबा गाडीच्या बाहेर उभे होते, रुमालानं समोरची काच पुसत. सामान जास्त होतं, दोघांनी उचलायला हवं होतं. मी म्हटलं, मी दोन खेपा करते. तिथून गेट नीट दिसत होतं. गेटपाशी गाडीला हवी तेवढी जागा होती, ती बाबांनाही दिसली. ते म्हणाले, "बरं." लाडवाचा डबा माझ्या हातात दिला, गोधडी खांद्यावर टाकली आणि मी पहिली खेप करून येईपर्यंत तिथेच थांबले. मग चहासुद्धा न घेता परत निघाले. अंधाराच्या आत घाट उतरायचा होता.

याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. २०१६ मध्ये माझं लग्न ठरलं तेव्हा दादानं फुलं लावायला मोठी गाडी भाड्यानं आणली. आपल्या गाडीला निदान एक हार तरी घालू, असं आई म्हणाली. बाबाच म्हणाले, "आपली नको. ती मागच्या बाजूला असू दे." मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण बरंच वाटलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी बंगळुरूत टीव्हीसमोर बसून फोन लावत होते. पाणी बोळाच्या तोंडाशी आलं तेव्हा बाबांनी नॅनो काढली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विश्रामबागेत उंचावर नेऊन सोडलं. तीन खेपा केल्या. बोळ इतका अरुंद, की दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्या चौकातच लावलेल्या असत आणि चौकात तोवर पाणी भरत होतं. हे मला बाबांनी सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी चार महिन्यांनी सांगितलं.

२०२२ च्या मे महिन्यात रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं, की ही गाडी कशी सुचली. स्कूटरवरून जाणारी कुटुंबं ते नेहमी बघत. आईबापाच्या मध्ये दाटून बसलेलं मूल, निसरडे रस्ते. वास्तुकलेचं शिक्षण घेतल्यामुळे फावल्या वेळात रेघोट्या मारायची सवय होती. आधी दुचाकीच अधिक सुरक्षित करता येईल का, हे ते कागदावर बघत होते. मग त्या चित्राला चार चाकं आली. तेव्हाही खिडक्या नव्हत्या, दारं नव्हती. शेवटी ठरलं, की मोटारच करायची. ते वाचताना मला कवठे एकंदचा चिखल दिसला. मी ती पोस्ट बाबांना पाठवली. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. मग दहा मिनिटांनी एक ओळ: 'आईला वाचून दाखवली.'

*

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, बाबांचा फोन आला. गाडीला पंधरा वर्षं होत होती. नोंदणी संपण्याआधी पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, शिवाय ती नवी नंबरप्लेट, जिच्या मुदतवाढीच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. दादाचं म्हणणं होतं, भंगारात द्या, आता नवी घेऊ. बाबा माझं मत विचारत होते. मी म्हटलं, मी येते.

कागद शोधताना ती फाइल निघाली आणि फाइलखाली चार खिशातल्या डायऱ्या. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर, सरासरी. पंधरा वर्षांची, एकही खाडा न करता. मागच्या बाजूला लांबच्या प्रवासांची पानं होती. मी २०११ काढलं. डिसेंबरची नोंद होती.

'पुणे. जाता-येता ४७२ कि.मी. सरासरी २१.४. घाटात त्रास नाही. गाडी कोपऱ्यावर लावली.'

एवढंच. पुढे-मागे काही नाही. लेखनिक टिपण लिहितो तसं. तासगावच्या नोंदींत गाडी कुठे लावली ते कधी लिहिलेलं नाही. मी बाकीची पानंही पाहिली. कुठल्याच नोंदीत गाडी कुठे लावली ते नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आरटीओत गेलो. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरचा पोरगा विशीचा असेल. तो पाइप हातात घेऊन मागच्या बाजूला गेला, दोन्ही अंगांनी शोधून परत आला. "काका, टाकी कुठाय?" बाबा खाली उतरले, पुढचं झाकण उघडलं आणि त्याला दाखवलं. पोरगा हसला. मी नकळत ताठ झाले. तो म्हणाला, "काका, एक फोटो काढू? रील टाकतो. ही गाडी आता बघायला मिळत नाही हो." मागच्या मोटारसायकलवाल्यानंही मोबाइल काढला. बाबांनी रुमाल काढून आधी काच पुसली आणि मग बाजूला उभे राहिले. त्यांना वाटलं, फोटो फक्त गाडीचा हवाय. पोरानं त्यांना हाताला धरून पुढे उभं केलं.

पासिंग झालं. पाच वर्षांचं. निरीक्षकांनी चाकं, दिवे, ब्रेक पाहिले आणि जाताना विचारलं, "किती चाललीय?" बाबांनी डायरी काढली. निरीक्षक हसून म्हणाले, "डायरी नको, तोंडी सांगा." बाबांनी डायरीत बघूनच सांगितलं.

संध्याकाळी बंगळुरूची गाडी मिरजेहून होती. बाबा सोडायला निघाले. स्टेशनचा दरवाजा दिसायला लागला, तसं शे-दीडशे पावलं अलीकडेच, एका दुकानाशेजारी, त्यांनी गाडी बाजूला घेतली. ही त्यांची सवय. लग्नानंतर नऊ वर्षं प्रत्येक वेळी मला त्यांनी याच जागी उतरवलं आहे आणि मी प्रत्येक वेळी बॅग ओढत चालत गेले आहे. दर वेळी मला वाटायचं, पुढे वळायला जागा नसेल.

"इथं का, बाबा?"

"पुढं गर्दी असते," ते म्हणाले.

मला काय बोलायचं ते कळेना. चौदा वर्षांपूर्वी मी दिलेलं कारण त्यांनी जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं, आणि ते मला परत देत आहेत असंही त्यांच्या आवाजात नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. म्हणजे गाडी दारापर्यंत न्यायची नसते, हे त्यांना पाठ झालं होतं. माफी मागितली असती तर ते म्हणाले असते, कशाबद्दल? आणि मला ते सगळं परत सांगावं लागलं असतं, त्यांच्यासमोर.

मी दार उघडलं नाही. म्हटलं, "आत घ्या, बाबा. अगदी दारापर्यंत. बॅग जड आहे."

बॅग जड नव्हती, ती त्यांनीच घरून उचलून मागच्या सीटवर ठेवली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गिअर टाकला. दारासमोर दोन मोठ्या गाड्या आणि तीन रिक्षा होत्या. त्यांच्या मधल्या फटीत बाबांनी नॅनो सरळ नेऊन लावली. दुसरी कुठली गाडी तिथे मावली नसती.

रात्री गाडीनं बेळगाव सोडल्यावर त्यांचा मेसेज आला. मला वाटलं, पोचल्याचा असेल. होती ती नेहमीचीच गोष्ट: 'नॅनो परत येत आहे, आता विजेवर.' या वेळी मी काही समजावलं नाही. विचारलं, 'रंग कुठला घ्यायचा?'

लगेच उत्तर आलं, 'लाल.'